काच नवी, नजर तिरळी!

"गाडी तू चालवतेयस, की ती तुला?"

आईने हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही एक्स्प्रेस-वेवर होतो. उर्से टोलनाका मागे पडलेला, कामशेतचा बोगदा यायचा होता. २०२५ च्या जुलैमधली रविवारची सकाळ. पाऊस नुकताच थांबलेला, डोंगर एकदम वॉलपेपरसारखे हिरवेगार, डिकीत डोंबिवलीच्या मावशीसाठी पोह्याच्या पापडांचा डबा. सगळं कसं सही चाललं होतं. फक्त स्टिअरिंग माझ्या हातात असूनही माझं ऐकत नव्हतं. मी मधल्या लेनमध्ये सरळ चालले होते आणि ते हळूच, कुणी बाही धरून ओढावं तसं, डावीकडे खेचत होतं. मी गाडी मध्यावर आणायचे, ते परत डावीकडे. आणि डावीकडच्या लेनमध्ये होता ट्रेलर. अठरा चाकांचा की बावीस, मोजायला वेळ नव्हता.

"वारा आहे गं," मी म्हटलं.

वारा अजिबात नव्हता.

पुढच्या वळणावर तर कहरच झाला. उजव्या लेनमध्ये (म्हणजे नियमाप्रमाणे जिथे त्याने असायलाच नको तिथे) एक ट्रक रमतगमत चालला होता. माझी लेन पुढे स्वच्छ मोकळी. अचानक डॅशबोर्डवर लाल चित्र उमटलं, टीं-टीं-टीं सुरू झालं, आणि गाडीने स्वतःच कचकन ब्रेक मारला! बेल्ट छातीत रुतला. आईची पर्स मांडीवरून खाली. मागून शिवनेरीचा असा हॉर्न, की माझ्या पोटात गोळा आला. आरशात तिची पुढची काच आणि ड्रायव्हरचा वटारलेला चेहरा, एवढंच दिसत होतं. सगळं मिळून दीड-दोन सेकंद. मग गाडीला बहुधा आपली चूक कळली, तिने ब्रेक सोडला. शिवनेरी शेजारून पुढे गेली. ड्रायव्हरकाकांनी माझ्याकडे बघून जे काय म्हटलं ते ऐकू आलं नाही, पण ते म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

आई काही बोलली नाही. तिने फक्त वरचं हँडल धरलं. लोणावळ्याची एक्झिट येईपर्यंत ते सोडलं नाही.

टक्!

थांबा, गोष्ट जरा मागून सांगते. गाडी माझी नाही, दादाची. कंपनीने त्याला आठ महिन्यांसाठी जपानला, नागोयाला पाठवलं, आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरेल म्हणून चावी आली माझ्याकडे. फ्रीलान्सरला फुकटात एसयूव्ही... और क्या चाहिए बॉस? मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. एवढंच सांगते की तिच्यात 'अ‍ॅडास' आहे. म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स्ड ड्रायव्हर असिस्टन्स सिस्टिम'. लेन सोडली तर ती स्टिअरिंगला हलकेच टोकते, पुढच्या गाडीपासून अंतर राखते, आणि टक्कर होणार असं वाटलं तर आपला पाय पोचायच्या आत ब्रेक मारते.

पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडे हे लाड जर्मन आणि स्वीडिश गाड्यांचे होते. मग २०२० मध्ये एमजीची ग्लॉस्टर आली, २०२१ मध्ये अ‍ॅस्टर आणि महिंद्राची एक्सयूव्ही ७००, २०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रिड, २०२३ मध्ये सेल्टॉस, व्हर्ना, हॅरिअर, सफारी. २०२४ मध्ये क्रेटा आणि एक्सयूव्ही ३एक्सओसुद्धा. म्हणजे आता हा फंडा तुमच्या-माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये येऊन ठेपलाय. ईएमआयवर घेतलेल्या गाडीत.

तर जूनमध्ये कात्रज-देहूरोड बायपासवर माझ्यापुढे खडीचा डंपर होता. ताडपत्री नावालाच. एक खडा उडाला आणि काचेवर 'टक्!' आवाज झाला. बघितलं तर एवढासा, हरभऱ्याएवढा तारा. त्याच दिवशी जाऊन रेझिन भरून घेतलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण डेडलाइन होती, मग पाऊस होता, मग कंटाळा होता. चौथ्या दिवशी दुपारी गाडी उन्हात तापलेली, मी एसी फुल करून काचेवर सोडला, आणि डोळ्यांदेखत त्या ताऱ्याला पाय फुटले. एक चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसरत गेली. अगदी शांतपणे.

आता सरळमार्गी माणूस काय करेल? इन्शुरन्सला फोन करेल. काचेला 'डेप्रिसिएशन' लागत नाही, आपल्या खिशातून 'कम्पल्सरी डिडक्टिबल'चे हजार-दोन हजार द्यायचे, बाकी कंपनी भरते. पण पॉलिसी दादाच्या नावावर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस गेला. तो पाच वर्षं क्लेम न करणाऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत मिळतो, आणि दादाने तो जुन्या गाडीपासून लोणच्यासारखा जपलेला. त्याला सांगायचं कसं? मी अधिकृत वर्कशॉपला विचारलं. त्यांनी काचेचा आकडा सांगितला, त्याखाली 'कॅमेरा कॅलिब्रेशन' असा आणखी एक आकडा सांगितला. मला वाटलं, झालं यांचं सुरू! टेफ्लॉन कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग, आता कॅमेरा कॅलिब्रेशन. काहीतरी इंग्लिश नाव द्यायचं आणि बिल फुगवायचं.

तेव्हा मी शहरातल्या एका काचवाल्याकडे गेले. जवळपास निम्म्या पैशांत काम झालं. आणि खरं सांगते, काम देखणं होतं. काकांनी तार घालून जुनी काच अलगद सोडवली, कडेचा जुना गोंद खरवडून काढला, नवीन पीयूची एकसारखी धार सोडली, दोघांनी मिळून काच बसवली. आरशामागचा कॅमेरा जुन्या काचेवरून काढून नव्या काचेवरच्या खोबणीत टक् करून लावला. "होता तस्सा बसवलाय, मॅडम. आता दोन-तीन तास गाडी हलवू नका, दारं आपटू नका." मी गाडी सुरू केली. एकही लाइट लागला नाही, एकही मेसेज नाही. मनात म्हटलं, बघा, वाचवले की नाही पैसे!

अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

एक गडबड तेव्हाच झाली होती. जुन्या काचेबरोबर फास्टॅग फाटला. तो एकदा चिकटवला की काढता येत नाही, काच गेली की तोही गेला. नवीन घ्यायचा तर परत दादाचा ओटीपी! म्हणून त्या रविवारी उर्सेला मी दुप्पट टोल भरला. एमएसआरडीसीच्या नाक्यांवर एप्रिल २०२५ पासून फास्टॅग नसेल तर दुप्पट, हे आईला माहीत नव्हतं. तिने पावती बघितली आणि म्हणाली, "महाग झालाय गं टोल." मी हो म्हटलं.

आईने शोधलेलं वाक्य

लोणावळ्यात एका हॉटेलपुढे गाडी लावली. चहा आणि कांदाभजी मागवली. माझे हात अजून थरथरत होते, तेव्हा आईने ग्लोव्ह बॉक्स उघडून मॅन्युअल काढलं. ते जाडजूड पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. (तुमचंही असेल. पैज!) आईने तीस वर्षं शाळेत शिकवलंय, शिक्षण खात्याची परिपत्रकं वाचलीत, त्यापुढे हे म्हणजे काहीच नाही. चष्मा लावून तिने अनुक्रमणिकेपासून सुरुवात केली. दुसरा चहा येईपर्यंत तिला हवं ते सापडलं. पुढची काच किंवा कॅमेरा काढला वा बदलला, तर अधिकृत ठिकाणी कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्या, नाहीतर यंत्रणा नीट काम करणार नाही. दोन वाक्यं. एका पिवळ्या त्रिकोणाशेजारी.

"काच बदललीस का तू?"

"हो."

"हे केलंस?"

"नाही."

"दादाला माहितीये?"

मी भजी खाल्ली.

"खा, खा," आई म्हणाली. "गरम आहेत तोवर."

मग आम्ही दोघींनी मिळून स्क्रीनवरच्या मेन्यूमध्ये ते सगळं बंद करायचं कसं ते शोधलं. लेनचं बंद झालं, ब्रेकचंही झालं. पण ब्रेकवालं प्रकरण इंजिन बंद करून चालू केलं की आपोआप परत 'ऑन' होतं, दर वेळी आठवणीने घालवायचं. तशी डोंबिवलीपर्यंत गेले आणि संध्याकाळी तशीच परत आले, डाव्या लेनमधून, ट्रकांच्या रांगेत. आईने परतीच्या वाटेवर एकदाही 'हळू चालव' म्हटलं नाही. मला वाटतं, तिने माझ्या आयुष्यात प्रथमच ते म्हटलं नाही.

एक डिग्री म्हणजे किती?

पुढच्या आठवड्यात मी अधिकृत वर्कशॉपमध्ये गेले, तो आधी फुगवलेला वाटलेला आकडा भरायला. (माझ्या दोन फीचर्सचं मानधन. असो.) आणि तिथे मला भेटला साताऱ्याचा, आयटीआय झालेला, माझ्याच वयाचा एक टेक्निशियन. "मॅडम, माझं नाव नका टाकू, वरचे विचारतील," म्हणाला, म्हणून टाकत नाही. पण या विषयावर मला जे काही कळलं ते अर्ध्याहून जास्त त्याच्यामुळे.

मी त्याला विचारलं, कॅमेरा तोच, जागा तीच, काकांनी होता तसा बसवला. मग बिघडलं काय?

तो म्हणाला, "मॅडम, जागा 'तीच' कधीच नसते."

म्हणजे बघा. जुन्या अ‍ॅम्बॅसिडरची, पद्मिनीची काच रबरात बसायची आणि तिचं काम एकच, वारा-पाऊस अडवणं. आताची काच गोंदाने गाडीच्या सांगाड्याला चिकटवलेली असते. गाडी उलटली तर छपराला आधार द्यायला ती मदत करते, शेजारच्या सीटची एअरबॅग उघडली की पाठीमागून टेकू देते. आणि अ‍ॅडासवाल्या गाडीत ती आणखी एक काम करते. कॅमेरा तिच्यातूनच बघतो! म्हणजे ती त्याच्या चष्म्याची भिंग झाली. कॅमेऱ्याची खोबण काचेलाच चिकटवलेली असते. ती केसभर फिरली, गोंदाचा थर एका बाजूला थोडा जाड झाला, काचेचा बाक जरा वेगळा असला, की कॅमेरा पूर्वी बघायचा तिथे बघत नाही. डोळ्याला तो फरक दिसतही नाही.

"किती फिरला असेल?" मी विचारलं.

"तुमचा एक डिग्रीच्या आतच होता," तो म्हणाला. "उजवीकडे."

एक डिग्रीच्या आत? एवढ्यासाठी एवढं रामायण? मग त्याने मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढला आणि मला दहावीची त्रिकोणमिती आठवावी लागली. कॅमेरा एक डिग्री फिरला, तर १०० मीटर पुढचा रस्ता त्याला पावणेदोन मीटर सरकलेला दिसतो. आपल्या हायवेची एक लेन साधारण साडेतीन मीटर रुंद. म्हणजे बरोब्बर अर्धी लेन! आणि ताशी १०० च्या वेगाने ते १०० मीटर आपण चार सेकंदांच्या आतच कापतो.

मग तो रविवारचा सगळा गोंधळ एकदम उलगडला. कॅमेरा उजवीकडे बघत होता, म्हणून त्याला सगळं जग डावीकडे सरकलेलं दिसत होतं. आपली लेनही. त्याच्या हिशेबाने मी लेनच्या उजव्या कडेवर होते, म्हणून बिचारा मला 'मध्यावर' न्यायला डावीकडे ओढत होता, ट्रेलरकडे. आणि वळणावर उजव्या लेनमधला ट्रक त्याला माझ्या लेनमध्ये, माझ्या नाकासमोर दिसला. त्याने जीव वाचवायला ब्रेक मारला. गाडीला वेड लागलेलं नव्हतं. ती अगदी मनापासून, इमानदारीत, चुकीच्या जागी बघत होती.

आणि लाइट का लागला नाही? कारण कॅमेरा बंद पडला, त्याची वायर सुटली, त्याच्यापुढे चिखल आला तर त्याला कळतं. काही गाड्यांमध्ये तो खूप फिरला तरी कळतं आणि लाइट लागतो. पण थोडासा फिरला तर? तिरळ्या डोळ्याला आपण तिरळे आहोत हे कुठून कळणार? लाइट लागला तर उलट बरं, माणूस निदान वर्कशॉपकडे तरी जातो.

ओळंबा, पट्टी आणि चौकडीचा बोर्ड

कॅलिब्रेशन म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढे काहीतरी सायन्स फिक्शन होतं. प्रत्यक्षात पहिली गोष्ट काय झाली असेल? त्याने मला डिकी रिकामी करायला लावली! छत्र्या, ट्रायपॉड, रद्दी, कल्हईला द्यायची तीन पातेली... सगळं बाहेर. मागे वजन असलं की गाडीचं नाक वर होतं आणि कॅमेरा आकाशाकडे बघतो. मग चारही टायरची हवा तपासली. मागचा डावा मऊ होता. मग व्हील अलाइनमेंट. हे मला आधी कळेना, कॅमेऱ्याचा आणि चाकांचा काय संबंध? तर गाडीचं 'सरळ' म्हणजे बंपर जिकडे बघतो ते नव्हे, मागची चाकं तिला जिकडे ढकलतात ते. चाकंच तिरकी असतील तर कॅमेऱ्याला सरळ शिकवणार कशाच्या आधाराने?

मग गाडी नेली एका वेगळ्या बेमध्ये. फरशी सपाट, लेव्हल लावून तपासलेली, गाडीसमोर मोकळी जागा आणि मागे कोरी भिंत. समोर स्टँडवर काळ्यापांढऱ्या चौकडीचा बोर्ड, बुद्धिबळाच्या पटाचा मोठा भाऊ. त्याची उंची आणि गाडीपासूनचं अंतर कंपनीने ठरवून दिलेलं. आणि ते जुळवायला चक्क पट्टी, लेसर आणि ओळंबा! गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात तोच, दोरीला टांगलेला. पुढच्या लोगोच्या मध्यावरून ओळंबा सोडायचा, मागच्याही, जमिनीवर खूण करायची, दोन खुणा जोडणारी रेघ पुढे बोर्डाच्या मध्यापर्यंत न्यायची. तो गुडघ्यावर बसून मिलिमीटर मोजत होता. हे काम तासभर चाललं. कॉम्प्युटरचं काम? स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये स्कॅनर लावून बटण दाबलं, दहा मिनिटं.

आणि पहिल्यांदा 'फेल' आलं! माझा चेहरा पडला. त्याने इकडेतिकडे बघितलं, जाऊन मागचं शटर खाली ओढलं. उन्हाची एक तिरीप फरशीवरून बोर्डावर चमकत होती. दुसऱ्यांदा हिरवी खूण आली. परत फेल आलं असतं तर? "तर काचेवर संशय," तो म्हणाला. बाहेरून घेतलेल्या काचेची खोबण किंवा कॅमेऱ्यापुढची पारदर्शकता जमली नाही तर कॅमेरा काही केल्या जुळत नाही, मग परत नवी काच. माझी जमली. नशीब!

आमच्या गाडीला बोर्डानंतर रस्त्यावरची फेरीही लागते. स्कॅनर लावलेला ठेवून ठराविक वेगाने, दोन्ही बाजूंना स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर काही वेळ सलग चालवायचं, म्हणजे कॅमेरा खऱ्या रस्त्याशी ताडून बघतो. सोपं वाटतं ना? आता पुण्यात असा रस्ता सांगा! पट्टे आहेत तर ट्रॅफिक, ट्रॅफिक नाही तर पट्टे नाहीत, दोन्ही जमलं तर खड्डा. "उद्या सकाळी साडेसहाला या," तो म्हणाला. गेले. किवळ्याकडून निघालो. कामशेतच्या अलीकडे तेच वळण आलं तेव्हा मी उगाचच मागे आरशात बघितलं. कुणी नव्हतं. स्टिअरिंग माझ्या हातात गुमान होतं. लेनच्या बरोबर मध्यावर.

मी विचारलं असतं तर...

मग मी काचवाल्या काकांकडे गेले. खरं सांगू? भांडायलाच गेले होते. सगळं रंगवून सांगितलं, शिवनेरीसकट. त्यांनी ऐकून घेतलं, मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही विचारलं असतं, तर आमच्याकडे ते मशीन नाही असं सांगितलं असतं."

"आणि तुम्ही सांगितलं असतं, तर मी विचारलं असतं ना!"

यावर दोघांकडेही पुढचं वाक्य नव्हतं. तीस वर्षं ते काचा बसवतायत. त्यांच्या हिशेबाने काच गळाली नाही, वाजली नाही, म्हणजे काम चोख. आणि मला तरी काय, अधिकृत वर्कशॉपने स्वच्छ शब्दांत सांगितलेलं मीच 'बिल फुगवणं' म्हणून उडवून लावलं होतं. निघताना काकांनी दुकानात उभी एक गाडी दाखवली. काच काढलेली, कॅमेरा वायरला लोंबकळतोय. "हिला पण लागेल का ते?" त्यांनी विचारलं. मग हळूच, "तुम्ही कुठे केलंत? किती घेतले?"

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजू नका. अमेरिकेत आयआयएचएस नावाची संस्था आहे, विमा कंपन्यांच्या पैशांवर गाड्या आपटून बघणारी. त्यांनी २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. गाडीच्या या कॅमेऱ्यांची-सेन्सरची दुरुस्ती करून घेतलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांनी सांगितलं की, काम झाल्यावरही कुठली ना कुठली यंत्रणा कुरकुरतच होती. तिकडे, जिथे पट्टे असतात!

माझी एचआरवाली मैत्रीण म्हणते, "एवढी कटकट असेल तर बंद करून टाक ना ते!" तिने तिच्या गाडीत पहिल्या दिवशीच सगळं बंद केलंय. रिक्षा मधे घुसली की टीं-टीं, बाइक घासून गेली की टीं-टीं, तिचं डोकं उठतं. शहरात मलाही पटतं. पण हायवेवर, रात्री, दिवसभराच्या ऑफिसनंतर डोळा लागला तर? त्या एका क्षणासाठी मला ती हवी आहे. फक्त तिने बरोबर जागी बघावं.

आणि तिचा डोळा बिघडवायला काचच फुटायला हवी असंही नाही. गाडी कुठे ठोकली, सस्पेन्शनचं काम झालं, हौसेने मोठी चाकं टाकली, उंची बदलली, तरी हे विचारायलाच हवं. बऱ्याच गाड्यांमध्ये कॅमेऱ्याचा जोडीदार रडार असतो, पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमागे. बंपर काढून बसवला की त्यालाही बघावं लागतं. दसऱ्याला आपण बंपरवर झेंडूचा हार घालतो ना? पूजा झाल्यावर तो हार घेऊनच एक्स्प्रेस-वेला लागू नका, काही गाड्यांना त्या हाराआडून पुढचं काही दिसत नाही. आणि आरशामागे, कॅमेऱ्यापुढे, 'श्री' नको, फास्टॅग नको, डॅशकॅमही नको. देवाला डॅशबोर्डवर भरपूर जागा आहे.

काच बदलायची वेळ आलीच तर पैसे द्यायच्या आधी विचारा: माझ्या गाडीला कॅमेरा आहे, कॅलिब्रेशन इथे होईल का? नसेल तर कुठे, कधी, आणि तोवर मी काय बंद ठेवू? नव्या काचेला कॅमेऱ्याची खोबण माझ्याच मॉडेलची आहे ना, हेही. इन्शुरन्समधून करत असाल तर सर्व्हेअरला कॅलिब्रेशनबद्दल काम सुरू व्हायच्या आधीच विचारून घ्या, नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो. आणि काम झाल्यावर स्कॅनरचा रिपोर्ट मागा, आधीचा आणि नंतरचा. 'झालंय मॅडम' हा रिपोर्ट नव्हे. मी माझा मागितला तेव्हा प्रिंटरमध्ये कागद नव्हता. मी थांबले.

उरला दादा.

फास्टॅगशिवाय किती दिवस काढणार? शेवटी एका रात्री फोन लावला. आपल्याकडे नऊ, नागोयात साडेबारा. सगळं सांगितलं. खडा, चीर, काका, ट्रेलर, शिवनेरी, आई. पलीकडे इतका वेळ शांतता, की मला वाटलं रेंज गेली.

"इथे ना," तो म्हणाला, "२०२० मध्ये कायदाच बदललाय. कॅमेरावाल्या गाडीची पुढची काच काढायची तर वर्कशॉपला वेगळं सर्टिफिकेशन लागतं. परवाच ऑफिसमध्ये एकाची काच गेली, तेव्हा कळलं." परत शांतता. "आई पुढे बसली होती?"

"हो."

"आणि मला महिनाभर नाही सांगितलंस."

मला वाटलं आता बोनसचं काढणार. नाही काढलं. ओटीपी आला का एवढंच विचारलं, मग सहा आकडे व्हॉट्सअ‍ॅप केले. त्याखाली एक ओळ होती, 'कॅलिब्रेशनचा रिपोर्ट पण पाठव. दोन्ही. आधीचा आणि नंतरचा.'